नळी, काडतूस, वारा आणि खांदा : नेमबाजीच्या रेंजवरचे पदार्थविज्ञान

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा आलेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘यातली सगळ्यात चांगली बंदूक कोणती?’ गोव्याच्या उत्तर भागातील एका खुल्या रेंजवर चार वेगवेगळी हत्यारे चालवून पाहण्याची आणि इतरांना चालवताना जवळून न्याहाळण्याची संधी मिळाली, तेव्हा हा प्रश्नच अपुरा आहे हे हळूहळू ध्यानात येत गेले. कागदावर पडलेले भोक बंदुकीने पाडलेले असते, तसेच ते काडतुसाने, वाऱ्याने आणि नेम धरणाऱ्याच्या खांद्या-बोटांनीही पाडलेले असते. यांतील कोणाचा वाटा किती, हे वेगळे करून मोजल्याशिवाय एका हत्याराला चांगले आणि दुसऱ्याला वाईट म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

ती चार हत्यारे म्हणजे १० मीटरवरच्या निशाणासाठीची एअर रायफल, पॉइंट टूटू म्हणून ओळखली जाणारी ०.२२ इंची रायफल, ०.३२ इंची पिस्तूल आणि बारा बोअरची दुनळी. एअर रायफलचा ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा ७ ते ८ ज्यूलच भरते. पॉइंट टूटूची २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३३० मीटर वेगाने जाते, तेव्हा ती १४० ज्यूल घेऊन निघते. ०.३२ च्या निशाणेबाजीच्या काडतुसातील गोळी सव्वासहा ग्रॅमची असली तरी तिचा वेग २३० मीटरच्या आसपास असल्याने तिची ऊर्जा १७० ज्यूलच्या आतच राहते. दुनळीच्या काडतुसातील २४ ग्रॅम छर्रे मात्र सेकंदाला ४०० मीटरच्या वेगाने सुटून १९०० ज्यूलच्या घरात पोहोचतात. गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगली जाणारी आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागणारी बंदूक बहुतेक वेळा याच बारा बोअरच्या कुळातली असते.

आता खांद्याकडे वळू. पॉइंट टूटू रायफल आणि ०.३२ पिस्तूल यांच्या गोळ्यांची ऊर्जा जवळपास सारखी असूनही रायफलचा धक्का जाणवतही नाही आणि पिस्तूल मात्र हातात उसळते. याचे कारण ऊर्जेत नसून संवेगात, म्हणजे वजन आणि वेग यांच्या गुणाकारात आहे. गोळी जितका संवेग घेऊन पुढे जाते तितकाच संवेग हत्याराला मागे मिळतो, आणि तो हत्याराच्या वजनाने भागला की मागे येण्याचा वेग निघतो. पाच किलोची रायफल सेकंदाला १७ सेंटिमीटर वेगाने मागे सरकते, तर सव्वा किलोचे पिस्तूल सेकंदाला एक मीटरहून अधिक वेगाने. साडेतीन किलोच्या दुनळीचा वेग, छर्ऱ्यांबरोबर बाहेर पडणारा डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) आणि दारूचा वायू हिशेबात धरला तर, साडेतीन मीटरच्या जवळ जातो. दस्ता खांद्यात घट्ट बसवा असे प्रशिक्षक पुन्हापुन्हा बजावतात, त्यामागे हेच गणित आहे. घट्ट धरलेल्या बंदुकीच्या वजनात शरीराच्या वजनाचा काही भाग मिळतो आणि मागे येण्याचा वेग घटतो. सैल धरलेली बंदूक मात्र आधी मोकळेपणाने वेग घेते आणि मग हाडावर आदळते.

तरीही धक्क्यामुळे गोळी चुकते असे म्हणणे पुरते बरोबर नाही, कारण हत्यार जाणवण्याइतके हलते तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते. नेम बिघडतो तो धक्क्याच्या अपेक्षेने. रेंजवरच्या प्रशिक्षकांनी हे एका तरुणीला फार परिणामकारक रीतीने दाखवले. त्यांनी पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मधेच, तिला न सांगता, एक डमी, म्हणजे न उडणारे, काडतूस भरले. दोन बार व्यवस्थित झाले. तिसऱ्या वेळी नुसता ‘टक्’ असा आवाज आला आणि पिस्तुलाचे तोंड चांगले बोटभर खाली गेलेले सगळ्यांना दिसले. ‘अगं, बार झालाच नाही, मग नळी खाली का गेली?’ एवढेच त्यांनी विचारले. येणाऱ्या धक्क्याला तोंड देण्यासाठी मनगट आधीच खाली दाब देत होते. एरवी खऱ्या धक्क्याच्या उसळीत ही हालचाल लपून जाते आणि दोष पिस्तुलाच्या माथी मारला जातो. हत्यारांची तुलना करताना ही चाचणी पहिल्यांदा घ्यावी असे माझे मत झाले आहे, कारण जोरकस हत्याराचे निशाण विखुरलेले दिसते, त्यात हत्याराचा वाटा पुष्कळदा थोडाच असतो.

पिस्तूल रायफलपेक्षा अवघड का, याचे दुसरे कारण भूमितीचे आहे. नेम धरण्यासाठी हत्यारावर असलेली मागची खाच आणि पुढची माशी यांतील अंतर एअर पिस्तुलात साधारण ३३ सेंटिमीटर असते. माशी खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी ३० मिलिमीटर बाजूला जाते. उलट खाच आणि माशी एका रेषेत ठेवून अख्खा हात १ मिलिमीटर सरकला, तर गोळीही १ मिलिमीटरच सरकते. म्हणून नजर माशीवर स्थिर ठेवायची आणि निशाण धूसर दिसले तरी चालवून घ्यायचे असते. नवख्याला हे पटत नाही, त्याला काळा गोल स्पष्ट दिसायला हवा असतो.

खरी गुंतागुंत पॉइंट टूटूमध्ये आहे, आणि विज्ञानाच्या दृष्टीने मला हेच हत्यार सर्वांत रोचक वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरण्याच्या) प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तो प्रकार याच काडतुसावर खेळला जातो. ५० मीटरवरच्या निशाणात दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यानंतरचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत ८ मिलिमीटरने वाढते. हे अंतर कापायला गोळीला ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. अर्थात मागची खाच वर चढवून हे अंतर आधीच भरून काढलेले असते. पण ते भरून काढलेले असते एका ठरावीक वेगासाठी. एखादी गोळी सेकंदाला १० मीटरने मंद निघाली, तर ती जवळजवळ ८ मिलिमीटर जास्त खाली पडते, म्हणजे नेम निर्दोष असूनही अख्खे एक वर्तुळ हातचे जाते. काडतुसाच्या किमतीतला फरक प्रामुख्याने या एकसारखेपणाचा असतो, जोराचा नसतो. त्यातही एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांची एक खेप एका रायफलला मानवते आणि तिच्या शेजारच्या रायफलला मानवत नाही, कारण प्रत्येक नळीचा आतला व्यास, गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चऱ्यांची धार आणि बार होतानाची थरथर थोडीथोडी निराळी असते. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज रायफल शिकंज्यात आवळून खेपेमागून खेप तपासतात आणि जुळली ती खेप एकगठ्ठा विकत घेतात.

या तपासणीत सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती मोजक्या गोळ्यांमुळे. तीन गोळ्या झाडायच्या, त्यांतील सर्वांत दूरच्या दोन भोकांमधले अंतर मोजायचे आणि निकाल द्यायचा, अशी सर्रास पद्धत आहे. संख्याशास्त्र सांगते की त्याच रायफलने त्याच काडतुसांच्या दहा गोळ्या झाडल्या, तर हे अंतर सरासरीने तिनाच्या १.६ पट होते. रायफल काही बिघडलेली नसते, लांब जाणाऱ्या गोळीला संधी जास्त मिळालेली असते. शिवाय तीन गोळ्यांचा गठ्ठा इतका लहरी असतो की दोन अगदी सारख्या रायफलींमध्येही एकीचे अंतर दुसरीच्या दुप्पट येणे निव्वळ योगायोगाने घडू शकते. दहा-वीस गोळ्या झाडून प्रत्येक भोकाचे मध्यापासूनचे अंतर काढावे आणि त्याची सरासरी घ्यावी, हा मार्ग कंटाळवाणा असला तरी त्यात एकही भोक वाया जात नाही. रेंजच्या कट्ट्यावर रंगणाऱ्या निम्म्या पैजा एवढ्याने मिटतील.

गोव्यात दुपार चढली की समुद्रावरून वारा सुटतो, आणि खुल्या रेंजवर त्याची दखल घ्यावीच लागते. सेकंदाला ३ मीटरचा, म्हणजे झावळ्या डोलवण्यापुरता वारा आडवा वाहत असला, तर पॉइंट टूटूची गोळी ५० मीटरवर दीड ते दोन सेंटिमीटर सरकते. मग जास्त वेगाचे काडतूस वापरले तर गोळी लवकर पोहोचेल आणि कमी सरकेल, असे कोणालाही वाटेल. घडते उलटे. सेकंदाला ३७५ मीटर वेगाने निघणारी गोळी आडव्या वाऱ्यात अधिक सरकते. वाऱ्याने होणारे विचलन प्रवासाला लागलेल्या एकूण वेळावर अवलंबून नसते. हवाच नसती तर जेवढा वेळ लागला असता त्याहून किती जास्त लागला, त्या विलंबावर ते ठरते. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ किंवा त्यापुढे गेला की हवेचा रोध झपाट्याने वाढतो, वेगवान गोळी आपला वेग भराभर गमावते आणि हा विलंब मोठा होतो. ध्वनीचा वेग स्वतः तापमानावर ठरतो. गोव्यात ३२ अंशांच्या दुपारी तो सेकंदाला ३५० मीटर असतो, तर उत्तरेकडच्या १० अंशांच्या सकाळी ३३७. म्हणजे ३३० मीटरची गोळी आपल्याकडे त्या सीमेपासून चांगली दूर राहते. दमट हवा जड असल्याने गोळी लवकर पडते, हा समज मात्र खरा नाही. पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असल्यामुळे आपल्याकडची घामट हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेहून एक-दीड टक्का हलकीच भरते, आणि ५० मीटरवर त्याचा परिणाम दिसून येत नाही.

चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा वेळ आधुनिक रायफलीत काही मिलिसेकंदांचाच असतो. जुन्या तोड्याच्या बंदुकीत जळती वात बंदुकीच्या कानातल्या (नळीच्या बाजूच्या छिद्राशी असलेल्या खळग्यातल्या) दारूला लागून आतला बार पेटेपर्यंत जाणवण्याइतका वेळ जाई आणि तेवढा काळ नेम हलू न देता धरून ठेवावा लागे. त्या काळात गोव्याचे कारागीर या कामात नावाजलेले होते. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर इथे घडणाऱ्या बंदुका बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) बंदुकांच्या तोडीच्या असल्याचे पोर्तुगालच्या राजाला कळवले होते. आजच्या रायफलीतले ते मिलिसेकंद कमी करण्यासाठी भरपूर पैसा खर्च होतो, पण ‘आता’ असे मनाने ठरवल्यापासून बोट हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातो, आणि नवख्याच्या बाबतीत हत्याराच्या विलंबापेक्षा ही ढिलाईच कितीतरी मोठी असते.

किनाऱ्यालगत हत्यार बाळगणाऱ्यासमोर आणखी एक अडचण असते, ती गंजाची. हवेतील मीठ पोलादावर बसते, ओल शोषून घेते आणि त्यातील क्लोराइड गंजाला वेग देते. घामेजल्या बोटांचे ठसेही तेच काम करतात. नळीवरचा निळसर काळा मुलामा हा लोहाच्याच एका ऑक्साइडचा अगदी पातळ, सच्छिद्र थर असतो. तो एकट्याने फारसे रक्षण करीत नाही, तेल धरून ठेवणे हे त्याचे मुख्य काम. पावसाळ्यात फोम लावलेल्या पेटीत बंदूक बंद करून ठेवणे सुरक्षित वाटते, पण फोम ओल धरतो आणि पेटीला टेकलेल्या बाजूवरच आधी तांबूस ठिपके उमटतात. पुसून तेल लावलेली बंदूक हवा खेळती असलेल्या कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवलेली बरी.

कानांची काळजी तर बोलायलाच नको. पॉइंट टूटू रायफलच्या बाराचा क्षणिक दाब १४० डेसिबलच्या आसपास जातो, दुनळीचा त्याहूनही वर, आणि कानातील संवेदनपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिशाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. गोळी शिशाची असते, शिवाय बहुतेक काडतुसांच्या पेटणाऱ्या मसाल्यातही शिशाचे संयुग असते, आणि त्याची बारीक धूळ हातांवर, बाह्यांवर, केसांवर बसते. ती कातडीतून फारशी शिरत नाही, हातावरून तोंडात जाते. रेंजबाहेरच्या गाड्यावर भाजीपाव खायला थांबण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत, आणि घरी लहान मूल असेल तर त्या दिवसाचे कपडे वेगळे धुवायला टाकावेत.