सारंगखेड्याचा घोडेबाजार: गिऱ्हाईक बदलत गेलं, बाजार टिकला

दत्तजयंती जवळ आली की मोबाईलवर सारंगखेड्याचे रील सुरू होतात, कोटीची घोडी, बाजेवर चढून नाचणारा घोडा वगैरे, आणि मग कोणीतरी विचारतंच की नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात एवढे घोडे येतात कुठून आणि का.

जत्रा एकमुखी दत्ताची, मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते. बाजार ३०० वर्षांहून जुना असं गावातले लोक सांगतात, आणि जागा बघितली की पटतं, कारण सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोगलाईतला मोठा व्यापारी रस्ता तापीच्याच पट्ट्यातून नंदुरबारवरून जायचा. एका टोकाला बंदर, दुसऱ्या टोकाला मोगलांचं दख्खनमधलं मोठं लष्करी ठाणं. घोड्याला गिऱ्हाईक शोधायला लांब जायची गरजच नाही.

चांगला घोडा आपल्याकडे बराच काळ बाहेरूनच यायचा. १३ व्या शतकात मार्को पोलोनं ठाण्याच्या राजाबद्दल लिहून ठेवलंय की त्याचा समुद्री चाच्यांशी सौदाच ठरलेला होता, लुटीतले घोडे राजाचे, बाकी सगळा माल तुमचा. म्हणजे सोनंनाणं गेलं तरी चालेल पण घोडा पाहिजे! पुढे १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कनं गोवा घेतलं, आणि इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदराकडून येणारे घोडे गोव्यातच उतरले पाहिजेत यासाठी पोर्तुगीजांनी जंग जंग पछाडलं. विजयनगर आणि आदिलशाही एकमेकांचे वैरी, पण घोड्यासाठी डोळे दोघांचेही गोव्याकडेच.

मराठ्यांच्या फौजेत मात्र अरबी घोडा म्हणजे सरदाराची चैन. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, शिलेदार स्वतःचा आणायचा, आणि त्यात मोठा भरणा भीमथडीच्या, म्हणजे भीमाकाठच्या तट्टांचा. उंचीला कमी, दिसायला साधं, पण मिळेल तो चारा खाऊन घाट चढणारं जनावर. त्या वेगवान स्वाऱ्यांचं जे कौतुक आपण करतो त्यातलं निम्मं तरी या तट्टांचं आहे असं माझं मत. आता कुठे या भीमथडीला देशी जात म्हणून सरकारी नोंद मिळालीये, पण सारंगखेड्यात लोक ज्याच्याभोवती गर्दी करतात तो मारवाडी नाहीतर काठियावाडी, आतल्या बाजूला वळलेल्या टोकदार कानांचा. तट्टू अजून धनगरांबरोबर बिऱ्हाड वाहतंय.

१८१८ ला पेशवाई गेली, पागा मोडल्या. इंग्रजांनी पुढे फौजेसाठी ऑस्ट्रेलियातून जहाजं भरभरून वेलर घोडे आणले, म्हणजे आपल्या बाजाराचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं. मग टांगा आला, त्यानं काही पिढ्या बाजार जगवला, मग रिक्षा आल्या आणि तेही संपलं. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांवर तर २०१५ मध्ये हायकोर्टानंच बंदी घातली.

खरं तर इथेच बाजार बसायला हवा होता. वाचवलं ते वरातीनं आणि हौसेनं. नवरदेवाला घोडा लागतो, शक्यतो पांढराशुभ्र नुकरा, आणि हळदी-वरातीत ढोलावर नाचणारा घोडा असेल तर मालकाची सीझनमध्ये चांदी. वर ज्याच्याकडे ऊस-केळीचा, नाहीतर जमिनीचा पैसा आला त्याच्या दारात एक मारवाडी घोडी, हे खूळ गेल्या काही वर्षांत फारच वाढलंय.

पण घोडा पारखायची रीत जुनीच आहे. जाणता माणूस आधी ओठ वर करून दात बघतो, अडीच वर्षांपासून दुधाचे दात पडायला लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत तोंड पूर्ण होतं, त्यामुळे कोवळ्या घोड्याच्या वयाबद्दल तरी थाप मारता येत नाही. मग उंची इंचात, मग अंगावरच्या भोवऱ्या. गळ्यावर देवमण नावाची भोवरी असेल तर भाव चढतो, चुकीच्या जागी भोवरी असेल तर धडधाकट घोडासुद्धा पडून राहतो (मला हे पटत नाही, पण पैसे देणाऱ्याला पटतं ना). चार पाय आणि कपाळ पांढरं तो पंचकल्याणी. शेवटी रेवाल चाल, स्वार हातात पाण्याचा ग्लास घेऊन जातो आणि पाणी हिंदकळत नाही.

गेल्या दहाएक वर्षांत याला चेतक फेस्टिव्हलचं रूप आलं, तंबू, घोड्यांच्या सौंदर्यस्पर्धा, शर्यती, स्टेज. काही जुने लोक नाकं मुरडतात, पण बघ्यांच्या गर्दीवरच आता जत्रेतलं निम्मं अर्थकारण चालतं. बातमीतला कोटीचा आकडा मात्र मनावर घेऊ नका, ती बहुतेक वेळा मालकानं सांगितलेली किंमत असते, तो घोडा विकायला आणलेलाच नसतो, नाव व्हावं आणि पुढे त्याच्याकडून घोड्या भरवून घ्यायला लोक यावेत म्हणून आणलेला असतो.

घोडेवाल्यांचं कॅलेंडरही तिथीवरच चालतं. कार्तिक पौर्णिमेला पुष्कर, महिनाभरानं सारंगखेडा, आणि तो ओसरायच्या आत मार्गशीर्ष वद्यात नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाची जत्रा, तिथे घोड्यांबरोबर गाढवंही. हल्ली मध्ये ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या रक्ततपासणीचा कागद आडवा येतो, हा रोग माणसालाही होऊ शकतो म्हणून. त्यामुळे मोकळ्या मैदानात गेलात तरी दिसेल त्या घोड्याच्या नाकातोंडाला हात लावत सेल्फी काढू नका, आणि मागच्या पायांजवळ तर अजिबात उभं राहू नका.