युवक-सल्ला (ग्रामीण विदर्भ)

युवक-सल्ला : गावाच्या किंवा शहराच्या कारभाराला तेथील तरुणांनी आणि मतदानाचे वय न झालेल्या मुलामुलींनी एकत्र बसून, विचार करून दिलेला सल्ला. ग्रामीण विदर्भात हा सल्ला बहुतेक वेळा दोनच गोष्टींभोवती फिरतो : एसटीची वेळ आणि हाताला काम. सरकारी कागदावर ही दोन खाती आहेत. गावात ती वेगळी काढता येत नाहीत. तालुक्याच्या आयटीआयला, एमआयडीसीतल्या पाळीला किंवा भरतीच्या परीक्षेला जायचे ते सकाळच्या पहिल्या गाडीने. ती आली नाही की त्या दिवसाचा वर्गही बुडतो आणि मजुरीही.

तरुणांकडून रीतसर सल्ला घेण्याची पद्धत मुख्यतः शहरांत वाढली. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मतदारांनी १९९५ मध्ये शहराच्या सनदेत दुरुस्ती करून युवा आयोग स्थापन केला. त्यात १२ ते २३ वयाचे १७ सदस्य असतात आणि ते महापौर व नगरप्रतिनिधींना सल्ला देतात. या आयोगाने इतर संघटनांसोबत मागणी लावून धरली आणि मार्च २०१३ पासून तेथील कमी उत्पन्नाच्या घरांतील ५ ते १७ वयाच्या मुलांना शहर बसचा प्रवास मोफत झाला. हे शक्य झाले याचे एक साधे कारण आहे : तिथे बस शहराच्याच ताब्यात आहे. सल्ला ऐकणारा आणि गाडी सोडणारा एकाच कारभारात असतो.

विदर्भातल्या खेड्यात तसे नाही. ग्रामपंचायतीला रस्त्यावरचा दिवा लावता येतो, प्रवासी निवारा बांधता येतो, पण गाडीची वेळ बदलता येत नाही. ती वेळ महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या आगारात ठरते. तालुक्याच्या गावांतील अनेक ग्रामपंचायतींच्या २०१४ नंतर नगरपंचायती झाल्या. त्यांच्या हातीही बस नाही. एसटीचे विभाग आणि जिल्हे यांचाही मेळ सगळीकडे बसत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या गाड्या भंडारा विभागाकडे, वाशीमच्या अकोला विभागाकडे. चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी आगार गडचिरोली विभागात. म्हणून तरुणांच्या सल्ल्याला इथे दुहेरी वाट चालावी लागते. आधी ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीत ठराव करून घ्यायचा, मग तो ठराव घेऊन आगार व्यवस्थापकाकडे आणि विभाग नियंत्रकाकडे जायचे.

कोणाला बोलता येते : महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार (१९५८) गावच्या मतदारयादीतील प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवण्यासाठी मात्र २१ पूर्ण लागतात. यातून एक विसंगती उभी राहते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. गावातून रोज एसटीने जाणारे सगळ्यात जास्त कोण, तर आठवीपासून बारावीपर्यंतची मुले. त्यातली जवळजवळ सगळी १८ च्या आतली. ज्यांना गाडीची वेळ, कंडक्टरचे नाव आणि कोणत्या फाट्यावर गाडी थांबत नाही हे तोंडपाठ आहे, त्यांना ग्रामसभेत मत नाही. काही गावांत भरणाऱ्या बाल ग्रामसभेचा उपयोग इथे होऊ शकतो, पण ती बहुधा स्वच्छता आणि वृक्षारोपणाच्या भाषणांत संपते. मुलांना एसटीविषयी विचारले तर ती तासभर बोलतील.

एसटीचे गणित : राज्य परिवहनची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगर–पुणे मार्गावर धावली. ‘गाव तिथे एसटी’ हे पुढे महामंडळाचे ब्रीद झाले. गडचिरोलीच्या टोकाला त्याचा अर्थ पोचायला फार वर्षे लागली : अहेरी–गर्देवाडा एसटी सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी.

फेरी चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवताना आगार दोन आकडे पाहते : भारमान, म्हणजे गाडीच्या क्षमतेपैकी किती जागा भरल्या, आणि किलोमीटरमागे उत्पन्न किती आले. हे दोन्ही आकडे तिकीट यंत्रातून येतात. यंत्राला चढलेला प्रवासी दिसतो. गाडी सव्वानऊला येते म्हणून जो आठच्या पाळीला काळी-पिवळीने (खासगी जीपने) गेला, तो दिसत नाही. फाट्यावर गाडी न थांबल्याने घरी परतलेली मुलगी दिसत नाही. दहावीनंतर गाडीची सोय नाही म्हणून जिचे शिक्षणच थांबले, ती तर कोणत्याच नोंदीत येत नाही. चुकीच्या वेळेची गाडी रिकामी धावते, रिकामी धावते म्हणून बंद होते, आणि बंद झाली की ‘या मार्गावर प्रवासी नाहीत’ हे कागदावर सिद्ध होते. युवक-सल्ल्याचे खरे काम इथे आहे. न चढलेल्यांची मोजणी तरुणच करू शकतात, कारण ते तिथे उभे असतात.

ही मोजणी करायला एक वही पुरते. तारीख, गाडीची ठरलेली वेळ, आलेली वेळ, थांब्यावर किती जण होते, किती चढले, राहिलेले कसे गेले. महिनाभर रोज लिहिलेले असे पान आगार व्यवस्थापकापुढे ठेवले की बोलणे बदलते. ‘गाडी वेळेवर येत नाही’ या तक्रारीला ‘बघतो’ हे उत्तर ठरलेले आहे. तेवीस दिवसांत नऊ वेळा पहिली फेरी आलीच नाही, असे तारखांसह सांगितले तर वाहतूक नियंत्रकाला लॉगशीट (गाडीच्या फेऱ्यांची नोंद) काढावी लागते. त्याच्या जोडीला मुख्याध्यापकांचे पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव असेल तर मागणीला वजन येते.

मुक्कामी गाडी हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा विषय. विदर्भात तिला हॉल्टिंग गाडी असेही म्हणतात. रात्री शेवटची फेरी करून गाडी गावातच थांबते आणि पहाटे तिथूनच सुटते. गाव आगारापासून चाळीस किलोमीटरवर असेल तर आगारातून सकाळी निघालेली गाडी गावात पोचून परत तालुक्याला येईपर्यंत कामावर जायची वेळ टळून गेलेली असते. मुक्कामी गाडीने हा दोन तासांचा फरक भरून निघतो. तिच्यासाठी गावाने काय द्यायचे हेही ठरलेले असते : चालक-वाहकांना झोपायला कुलूपबंद खोली, पाणी, शौचालय. ही खोली नाही म्हणून मुक्काम रद्द होतो आणि ग्रामपंचायतीला त्याचा पत्ताही नसतो, असे घडते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या हातात असलेली ही एकमेव किल्ली आहे. तरुणांनी पहिला सल्ला द्यावा तो याच खोलीबद्दल, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

सवलतींनी प्रवास स्वस्त केला. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सूट आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींचा पास मोफत. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या रंगाच्या गाड्या आल्या आणि विदर्भातल्या अनेक घरांत मुलगी पहिल्यांदा गावाबाहेर शिकायला गेली. पण निळी गाडी शाळेच्या दिनक्रमाला बांधलेली आहे. शाळेला सुट्टी लागली की तिची फेरी थांबते, आणि टायपिंगच्या, संगणकाच्या किंवा नर्सिंगच्या वर्गाला जाणारी मुलगी घरी बसते. मार्चमध्ये ऊन वाढले की शाळा सकाळची होते, गाडी मात्र दुपारच्या वेळेवरच राहते. पास मोफत आहे, गाडी नाही, ही मुलींची तक्रार अगदी खरी आहे.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपात एसटी कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या पगाराचे आणि नोकरीच्या सुरक्षिततेचे प्रश्न मांडले. गावांनी त्या महिन्यांत एसटीशिवायचे जगणे पाहिले. बरेच प्रवासी तेव्हा खासगी जीप आणि ऑटोकडे वळले. जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि तिला पास चालत नाही.

कामाची बाजू : बुटीबोरी, देवळी, नांदगाव पेठ येथील औद्योगिक वसाहती, चंद्रपूर आणि वणी पट्ट्यातील कोळसा खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना ही विदर्भातली कामाची मोठी ठिकाणे. कारखान्यांच्या पाळ्या साधारण सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराला बदलतात. यातल्या एकाही वेळेशी खेड्याच्या एसटीचे वेळापत्रक जुळत नाही. ठेकेदार ‘गाडी आहे का?’ असे आधी विचारतो, म्हणजे मोटारसायकल आहे का. ज्याच्या घरी ती आहे त्याला काम, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळला जातो. मग हप्त्यावर मोटारसायकल घ्यायची आणि पगारातला मोठा भाग हप्त्यात आणि पेट्रोलमध्ये घालवायचा.

ज्यांना रोज जाऊन येणे जमत नाही, ते गाव सोडतात. मेळघाटातील कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. गडचिरोली, चंद्रपूर भागातून मिरची तोडायला तेलंगणात टोळ्या जातात. बाकीच्यांचा मुक्काम अभ्यासिकेत आणि पहाटेच्या मैदानावर : पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी. परीक्षेचे केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात पडले तर आदल्या रात्रीच निघावे लागते.

शासनाच्या योजना आहेत आणि सल्ला देणाऱ्यांनी त्यांचे तपशील पाठ असल्यासारखे वापरावेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांना बारावीसाठी ६,०००, आयटीआय किंवा पदविकेसाठी ८,००० आणि पदवीसाठी १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरले. ग्रामपंचायतींनीही प्रशिक्षणार्थी घेतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली. केंद्र कोणत्या गावात आहे आणि शेजारच्या दहा गावांतून तिथे कोणती गाडी वर्गाच्या वेळेला पोचते, हा तक्ता गावातली दोन मुले एका रविवारी तयार करू शकतात. कार्यालयाने असा तक्ता केल्याचे क्वचितच दिसते.

गावातच काम उभे राहिल्याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे आहे. २००९ मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा बांबू स्वतः विकू लागली. त्यामागे वर्षानुवर्षे चाललेला अभ्यासगट होता. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या या कामाची रीत अशी : अभ्यासगटात विषय नीट समजून घ्यायचा, माहिती जमवायची, निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा. सल्ला आणि निर्णय वेगळे ठेवण्याची ही शिस्त युवक-सल्ल्यालाही लागू पडते. २०१४ च्या पेसा (आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) नियमांनंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा (विडीच्या पानांचा) व्यवहार स्वतः पाहू लागल्या, तेव्हा करार वाचणे, पुड्यांचा हिशोब, मजुरीचे बँकखाते ही कामे गावातल्या शिकलेल्या पोरापोरींवर आली. वडीलधाऱ्यांनी त्यांचा शब्द ऐकायला तिथून सुरुवात केली.

वेळ साधणे : ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात, प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. फेरीची मागणी १५ ऑगस्टला केली तर सत्राचा जवळजवळ दीड महिना गेलेला असतो. ती १ मेच्या ग्रामसभेत यायला हवी. पण मे महिना तेंदू तोडाईचा. गडचिरोलीत त्या दिवशी अर्धे गाव पहाटेपासून जंगलात असते. म्हणून जंगलपट्ट्यात २६ जानेवारीलाच ठराव करून ठेवणे शहाणपणाचे. ठरावानंतर पाठपुराव्याच्या जागाही ठरलेल्या आहेत : तहसील पातळीवरचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी, महामंडळाने २०२४ मध्ये आगारांत सुरू केलेला ‘प्रवासी राजा दिन’, आणि निधी लागत असेल तर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती.

मर्यादा : सल्ला देणारे गट बहुधा मुख्य गावातल्या मुलांचे असतात. टोला, पोड किंवा तांडा अशा लहान वस्त्यांवरच्या मुलांना थांब्यापर्यंतच दोन-तीन किलोमीटर चालावे लागते, पावसाळ्यात रपट्यावरून (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी गेले की तेही बंद. त्यांची नावे वहीत येत नाहीत, कारण वही थांब्यावर लिहिली जाते. मुली मोजणी उत्तम करतात, पण आगारात निवेदन द्यायला त्यांना कोणी सोबत नेत नाही, आणि अंधारलेल्या थांब्यावर संध्याकाळी सहानंतर उभे राहण्याविषयी त्यांच्याइतके नेमके कोणालाच सांगता येत नाही.

आणखी एक अडचण वयाचीच आहे. सतराव्या वर्षी वही लिहिणारा विसाव्या वर्षी पुण्यात किंवा नागपुरात असतो. ज्या गाडीसाठी त्याने खेटे घातले ती सुरू होते तेव्हा तो तिच्यात बसायला गावात नसतो. म्हणून वही एकाच्या नावावर न ठेवता शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवावी, आणि दर जूनमध्ये अकरावीला जाणाऱ्या मुलांच्या हाती द्यावी. नागपूर–नागभीड छोटी रेल्वे नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हा तिने रोज जाणारे-येणारे शेतमजूर, भाजीवाले आणि विद्यार्थी किती, कोणत्या स्टेशनवरचे, हे सांगणारी अशी वही मधल्या गावांपैकी प्रत्येकात असती, तर बदली बसची मागणी गावनिहाय आकड्यांसह मांडता आली असती. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रेल्वेमार्गाच्या उरलेल्या टप्प्यांवर आणि वडसा–गडचिरोली मार्गावर पुढेमागे गाड्यांच्या वेळा ठरतील. त्या मार्गांवरच्या गावांत मोजणी आताच सुरू करता येते.