चार मिलिमीटरच्या पत्र्यात किती जळण मावतं?

इमारतीला बाहेरून लावतात तो ॲल्युमिनियमचा पॅनेल हातात घेतला तर अगदी गरीब वाटतो. वजनाला हलका, दिसायला चकचकीत. कापून त्याची कड पाहिली की कळतं, हा एकसंध पत्रा नाही. दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचं ॲल्युमिनियम आणि मध्ये ३ मिलिमीटर प्लॅस्टिक. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिइथिलीन, दुधाच्या पिशवीचं भावंड.

आता थोडा हिशेब. एक चौरस मीटर पॅनेलमध्ये ३ मिलिमीटरचा थर म्हणजे ३ लिटर प्लॅस्टिक, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. पॉलिइथिलीन जळताना किलोमागे चाळीसहून जास्त मेगाज्यूल उष्णता देतं; पेट्रोल-डिझेलही साधारण तेवढीच देतात. आपला घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. म्हणजे डबलबेडच्या चादरीएवढ्या पॅनेलमध्ये जवळपास एका भरलेल्या सिलिंडरचं जळण असतं. हा सिलिंडर आपण स्वयंपाकघरात जपून ठेवतो, रात्री रेग्युलेटर बंद करतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला असे पॅनेल चारही बाजूंनी गुंडाळले होते.

१४ जून २०१७ च्या रात्री एकच्या सुमारास तिथे चौथ्या मजल्यावर एका घरात फ्रिजजवळ आग लागली. बंब लवकर आले. पण खोलीतली आग विझवेपर्यंत ती खिडकीच्या प्लॅस्टिकच्या कडेतून बाहेर निसटली होती. दीडच्या आसपास ती गच्चीला टेकली. ७२ माणसं गेली.

एवढ्या वेगाने आग चढली कशी? पॉलिइथिलीन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला. ज्वाळा लागल्यावर आधी मधलं प्लॅस्टिक पाघळतं, पत्रे सुटे होतात आणि जळते थेंब खाली गळू लागतात. ग्रेनफेलमध्ये आग वर तर गेलीच, पण या थेंबांबरोबर खालीही उतरली.

पण खरी गंमत, गंमत कसली, खरी गोम पॅनेलमागच्या पोकळीत आहे. पॅनेल भिंतीला चिकटवत नाहीत, थोडं अंतर सोडून बसवतात. पावसाचं पाणी आत शिरलं तर ते खाली निथळावं आणि वाऱ्याने भिंत वाळावी, म्हणून. ओल्या हवेच्या देशात ही युक्ती उत्तमच. मात्र आग आत शिरली की तीच पोकळी धुराडं होते. तापलेली हवा वर धावते, खालून ताजी हवा ओढली जाते. अरुंद जागेत ज्वाळेला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, म्हणून तो शोधत ती लांबत जाते, मोकळ्या हवेतल्यापेक्षा पाच-दहा पट. त्यात भिंतीवर थंडीपासून बचावासाठी लावलेला फोम, तोही जळणारा. या पोकळीत मजल्यागणिक अडसर घालायचे असतात, उष्णतेने फुगून वाट बुजवणारे. ग्रेनफेलमध्ये त्यातले बरेच धड बसवलेलेच नव्हते.

इंग्लंडमधल्या अशा उंच इमारतींमध्ये आग लागली तर रहिवाशांना सूचना असते, ‘घरातच थांबा.’ ऐकायला क्रूर वाटेल, पण हिशेब शहाणपणाचा आहे. प्रत्येक फ्लॅट ही काँक्रीटची पेटी. एका पेटीतली आग तासभर तरी शेजारी जाऊ नये अशी रचना. सगळ्यांना एकदम बाहेर काढायचंच नाही, म्हणून इमारतभर वाजणारी घंटाही सहसा नसते. बाहेरून जळणारं आवरण चढवलं की पेटीला वळसा घालून जायला आगीला रस्ता मिळतो, आणि सगळा हिशेब कोसळतो. ग्रेनफेलमध्ये ही सूचना मागे घ्यायला पावणेतीन वाजले.

त्यानंतर इंग्लंडभर इमारतींचे पॅनेल तपासले गेले. मधल्या थराचा नमुना जाळून किलोमागे किती उष्णता निघते ते मोजायचं: ३ मेगाज्यूलपर्यंत ठीक, ३५ च्या वर गेलं तर सर्वांत वाईट वर्ग. पॉलिइथिलीन अर्थातच त्या शेवटच्या वर्गात.

आणि इथून लीजहोल्डरची गोष्ट सुरू होते. आपल्याकडे फ्लॅट घेतला की आपण सोसायटीचे सभासद होतो आणि कन्व्हेअन्स झालं असेल तर जमीन-इमारत सोसायटीची. (मुंबईत हा ‘तर’ केवढा मोठा आहे, ते ज्याचं त्याला ठाऊक.) इंग्लंडमध्ये फ्लॅट घेणं म्हणजे बहुधा ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांसाठी तिथे राहण्याचा हक्क विकत घेणं; तो घेणारा म्हणजे लीजहोल्डर. सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरून थोडी कल्पना येईल. सामान्यतः आतला गिलावा तुमचा, बाहेरची भिंत आणि तिच्यावरचा पत्रा फ्रीहोल्डरचा, म्हणजे मूळ मालकाचा. पत्रा निवडताना तुम्हाला कोणी विचारत नाही. दुरुस्तीचा खर्च मात्र सर्व्हिस चार्जमधून तुमच्याच दारात येतो.

घंटा नाही आणि घरात थांबणंही सुरक्षित नाही, मग उपाय काय? माणसं. भोंगे घेऊन चोवीस तास मजल्या-मजल्यांवर फिरणारे पहारेकरी. रात्री तीन वाजता दाराबाहेर बुटांचा आवाज आला की आधी काळजात धस्स व्हायचं, आणि मग आठवायचं की या फेऱ्यांचे पैसेही आपणच भरतोय. डिसेंबर २०१९ मध्ये कर्ज देणाऱ्या संस्था आणि मूल्यांकनकारांनी मिळून बाहेरच्या भिंतीसाठी ‘ईडब्ल्यूएस-१’ (एक्स्टर्नल वॉल सिस्टिम) नावाचा फॉर्म आणला. तज्ज्ञाने भिंत तपासून शेरा द्यायचा. ‘बी-२’ म्हणजे दुरुस्ती अटळ. हा शेरा पडला, किंवा फॉर्मच मिळाला नाही, तर कित्येक फ्लॅटची किंमत कर्जासाठी शून्य पौंड धरली जाई. राहायचं, हप्ते भरायचे, पण विकता येत नाही. नोकरी बदलली, घरात बाळ आलं, तरी तिथेच.

२८ जून २०२२ पासून लागू झालेल्या कायदेशीर संरक्षणामुळे गाडी थोडी रुळावर आली. किमान ११ मीटर किंवा पाच मजल्यांची इमारत असेल आणि १४ फेब्रुवारी २०२२ ला ते तुमचं मुख्य घर असेल, तर असुरक्षित आवरण काढण्याचा खर्च तुमच्यावर टाकता येत नाही. आतल्या अडसरांसारख्या इतर दोषांसाठी साधारण मर्यादा लंडनमध्ये १५,००० पौंड, इतरत्र १०,०००. त्याहून बुटक्या इमारतींतले लोक मात्र या छत्रीबाहेर राहिले. आगीला ११ मीटरची रेघ दिसत नाही, कायद्याला दिसते.

काम सुरू झालं की इमारतीभोवती परांची चढते आणि तिच्यावर पांढरं प्लॅस्टिक ताणतात. महिनोन् महिने खिडकीतून दुधाळ उजेड, भर दुपारी दिवा लावावा लागतो. जुने पॅनेल उतरतात, नवे चढतात. त्यांचीही जाडी तेवढीच असू शकते आणि रंगही तोच. फक्त मधल्या थरात बहुतांश खनिजाची भुकटी असते, जी जवळजवळ जळत नाही. रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही फरक कळत नाही.