पाळी जाणं वेगळं, पिशवी काढणं वेगळं

"पाळी गेली, सुटले बाई!" गावाकडे चाळिशी ओलांडलेल्या बाया हे मनापासून म्हणतात, आणि ते खरंच असतं. बाहेर बसणं संपतं, देवघरात जाता येतं, दिवस राहण्याची धास्ती जाते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी थांबते. सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं धरतात.

अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंग किंचित तापलं तरी कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो. याच त्या गरम वाफा. चुलीपुढे, शेतात राबणारी बाई त्या उन्हामुळे आल्या असं समजते. उडालेली झोप काळजीमुळे, दुखणारे सांधे कामामुळे. त्यामुळे दवाखान्यात यातलं काही बोललंच जात नाही. हाडं मात्र याच वर्षांत झपाट्याने विरळ होत असतात.

सुटकेची हीच ओढ बीडच्या ऊसतोड बायकांना महागात पडली. एक खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. फडात ना संडास, ना पाणी. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, आणि तिशीतच 'पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, म्हणजे सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा वाचून संताप येतो, कारण यातली बरीच दुखणी औषधांनी बरी होणारी असतात.

गर्भाशय काढलं की पाळी थांबते, एवढंच बाईला सांगितलं जातं. सोबत दोन्ही अंडाशयंही काढली, तर वर्षानुवर्षं हळूहळू होणारा बदल काही दिवसांत अंगावर कोसळतो. वाफा जोरात येतात, हाडं आणि हृदय यांना असलेलं संरक्षण दहा-पंधरा वर्षं आधीच जातं. अंडाशयं ठेवली तरी ती थोडी लवकर थकू शकतात. म्हणून 'अंडाशयं ठेवणार ना? आधी औषधं देऊन बघता येईल का?' हे डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधीच विचारायला हवं.

उलट, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर 'पाळी परत आली' म्हणून घरी बसू नये. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण काहींमध्ये तो गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो, आणि लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. तिथे मात्र तपासणी लांबवू नये.