साखळी-लांबी, सायकलची

सायकलच्या साखळीत एकूण किती कड्या असाव्यात याचे मोजमाप. आतल्या पट्ट्यांची कडी व बाहेरच्या पट्ट्यांची कडी आळीपाळीने येतात आणि प्रत्येक कडी अर्धा इंच (१२.७ मिमी.) धरली जाते. आतली कडी बाहेरच्या कडीलाच जोडता येते. त्यामुळे बंद साखळीतील कड्या नेहमी सम संख्येत असतात आणि लांबी एकेका इंचानेच कमीजास्त होते. काही ठिकाणी अशा जोडीलाच एक कडी म्हणतात. या नोंदीत तसे केलेले नाही. कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच) किती चकत्यांची आहे यावर साखळीची रुंदी ठरते (८ चकत्यांना सुमारे ७ मिमी., ११ चकत्यांना सुमारे ५.५ मिमी.), लांबीशी त्याचा संबंध नाही.

लांबी ठरते ती तीन गोष्टींवर : पुढची सर्वांत मोठी चकती, मागची सर्वांत मोठी चकती आणि क्रँकच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर. कोकण किनारपट्टीवर यांतली दुसरी गोष्ट वारंवार बदलली जाते. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग खाडीतून सड्यावर आणि सड्यावरून पुन्हा खाडीत असा जातो. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ येथे फेरीबोटीतून उतरले की पाय गरम होण्याआधीच चढ सुरू होतो. सावंतवाडीहून सुमारे ६९० मी. उंचीच्या आंबोलीला जायचे तर सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची असलेली कॅसेट पुष्कळांना अपुरी पडते. तिच्या जागी ३२ किंवा ३४ दात्यांची बसवली, की जुनी साखळी पुरेल का, हा प्रश्न येतो.

साखळीवर चालणाऱ्या सायकलीचा प्रारंभ नेमका कधी झाला याविषयी एकवाक्यता नाही. लिओनार्दो दा व्हिंची यांच्या ‘कोडेक्स अटलांटिकस’ या हस्तलिखित संग्रहातील सायकलीचे रेखाटन १९७४ मध्ये प्रकाशात आले. ते मागाहून घुसडलेले असावे, हे सायकलीचे इतिहासकार हान्स-एरहार्ड लेसिंग यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. लिओनार्दो यांनी साखळ्यांची रेखाटने केली होती हे खरे, पण साखळी आणि सायकल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिल्मे व मेयर यांच्या नावावर असलेली फ्रेंच सायकल जुने लेखक १८६८-६९ ची मानत; अलीकडचे अभ्यासक ती त्यानंतरची असावी असे म्हणतात. इंग्लंडमधील हॅरी लॉसन यांचे १८७९ चे एकस्व (पेटंट) आणि जॉन केम्प स्टार्ली यांची १८८५ ची ‘रोव्हर’ यांविषयी असा संशय नाही. साखळीच्या घडणीत जेम्स स्लेटर यांचे १८६४ चे एकस्व आधीचे असले, तरी आजच्या साखळीची बैठक घातली ती मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांच्या १८८० मधील रोलर साखळीने. अर्ध्या इंचाचे अंतर विसाव्या शतकात रूढ झाले. शिमानो या जपानी कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात १० मिमी. अंतराची साखळी आणून पाहिली, ती टिकली नाही. ती टिकली असती तर पुढचे सगळे आडाखे बदलावे लागले असते.

प्रचलित सूत्र असे : लां = २अ + पु/४ + मा/४ + १. सर्व मापे इंचांत. ‘अ’ म्हणजे दोन आसांमधील अंतर, ‘पु’ व ‘मा’ म्हणजे पुढच्या व मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते. साखळी चकतीच्या साधारण निम्म्या परिघाला वेढते आणि प्रत्येक दात्यामागे अर्धा इंच लागतो. म्हणून दात्यांना चाराने भागायचे. शेवटचा एक इंच डिरेलरच्या (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या यंत्रणेच्या) दोन कप्प्यांमधून, म्हणजे लहान दातेरी चाकांमधून, जाणाऱ्या वळणासाठी ठेवतात. आलेले उत्तर पुढच्या पूर्ण इंचावर न्यायचे.

या सूत्रात एक फट आहे आणि ती नेमकी कॅसेट बदलताना आडवी येते. दोन्ही चकत्या असमान असल्या की साखळीच्या वरच्या व खालच्या बाजू किंचित तिरक्या जातात. तो तिरकेपणा सूत्र धरत नाही. समजा, अ = १६.२५ इंच (सुमारे ४१.३ सेंमी.), पुढे ५० दाते आणि मागे २८. सूत्राने बरोबर ५३ इंच, म्हणजे १०६ कड्या येतात. तिरकेपणा धरला तर उत्तर ५३.१९ होते आणि पुढच्या पूर्ण इंचावर नेल्यास ५४, म्हणजे १०८ कड्या. फरक जेमतेम ५ मिमी.चा, पण तो दोन कड्यांना कारण होतो. आता मागे ३४ दाते घ्या. सूत्र ५४.५ देते, काटेकोर हिशेब ५४.६; दोन्हींनी ५५ इंच, म्हणजे ११० कड्या. ‘चार दाते वाढले की एक इंच वाढवा’ या तोंडी हिशेबाने मात्र दीड इंच येतो, आणि दीड इंचाची साखळी जोडताच येत नाही. जुन्या साखळीत दोन कड्या वाढवायच्या की चार, हे ती पूर्वी कोणत्या हिशेबाने तोडली होती यावर अवलंबून राहते. म्हणून जुन्या साखळीत बेरीज-वजाबाकी करण्यापेक्षा नवे माप घेणे बरे.

माप घेण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत साखळी डिरेलरमधून न ओवता पुढच्या व मागच्या सर्वांत मोठ्या चकत्यांवरून ताणून आणतात, जिथे प्रथम जोडता येईल तिथून पुढे दोन कड्या मोजतात आणि तोडतात. दुसरीत साखळी ओवून पुढच्या मोठ्या व मागच्या सर्वांत लहान चकतीवर घेतात. डिरेलरचे दोन्ही कप्पे एकाखाली एक, जमिनीला काटकोनात आले की लांबी बरोबर. शिमानोच्या रस्त्यावरच्या सायकलींच्या पुस्तिकांत मागची मोठी चकती २७ दात्यांपर्यंत असेल तर दुसरी पद्धत व २८ पासून पुढे पहिली, अशी विभागणी आढळते. तिसरी पद्धत कॅम्पॅग्नोलो या इटालियन कंपनीची : दोन्हीकडे सर्वांत लहान चकत्या घेऊन साखळी वरच्या कप्प्याला न घासता थोडे अंतर राखते की नाही ते पाहतात.

कोणती पद्धत खरी यावर कारागिरांत वाद होतात, पण पहिली व तिसरी परस्परविरोधी नाहीत. पहिली पद्धत चालू शकणारी सर्वांत आखूड साखळी देते, तिसरी सर्वांत लांब. डिरेलरची क्षमता (किती दात्यांइतकी सैल साखळी तो ओढून घेऊ शकतो ते) पुरेशी असेल तर दोहोंच्या मधली कोणतीही सम संख्या चालते. लागणारी क्षमता काढायची रीत सोपी आहे : पुढच्या चकत्यांतील फरक अधिक मागच्या चकत्यांतील फरक. पुढे ५०/३४ व मागे ११–३४ असल्यास १६ + २३ = ३९. शिमानो १०५ मालिकेतील आर७००० पिढीच्या लांब केजच्या (कप्पे धरणाऱ्या चौकटीच्या) डिरेलरची क्षमता ३९ आहे व तो ३४ दाते घेतो. त्याच पिढीच्या आखूड केजची क्षमता ३५ आणि मर्यादा ३० दाते. आखूड केज तसाच ठेवून ३४ ची कॅसेट चढवली तर दोन्ही टोकांना बसणारी लांबी सापडतच नाही. अशा वेळी पहिलीच पद्धत धरावी. साखळी लांब असेल तर लहान-लहान चकत्यांवर ती लोंबते, खडखडते, फार तर उतरते. आखूड असेल आणि चढावर चुकून मोठी-मोठी जोडी पडली, तर डिरेलर पुढे ओढला जातो, हँगर (डिरेलर जिथे अडकवलेला असतो तो सांगाड्याचा भाग) वाकतो किंवा तुटतो, आणि तेही घाटात.

किनाऱ्यावर या हिशेबात झिजेची भर पडते. खारी हवा, पावसाळ्यातला चिखल आणि जांभ्याची बारीक धूळ यांनी पिना व रोलर झिजतात. साखळी ‘वाढली’ असे म्हणतात. पट्ट्या ताणल्या जात नाहीत, सांधे सैल होतात. नव्या साखळीत २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ १/१६ इंच भरल्या की साखळी सुमारे अर्धा टक्का वाढली, ती बदलावी. १२ १/८ इंचांपर्यंत वाट पाहिली तर बहुधा कॅसेटही गेलेली असते आणि तिच्यावर नवी साखळी टाकल्यास ती जोर लावताच दाते सोडते. त्यामुळे या भागात साखळी व कॅसेट पुष्कळदा एकत्रच बदलली जातात.

दुकानात अशा वेळी जुनी साखळी खिळ्याला लटकवतात, शेजारी नवी, आणि खाली पिनेला पिन जुळवून तोडतात. वरच्या पाच-पंचवीस पिना जुळलेल्या दिसतात. खाली येईपर्यंत जुनी पुढे सरकलेली असते. ११० कड्यांची साखळी एक टक्का वाढली असेल तर हा फरक ०.५५ इंच, म्हणजे एका कडीहून जास्त होतो. दोन्हींच्या कड्या मोजणे हाच उपाय, आणि कॅसेट वेगळ्या दात्यांची असेल तर तोही निरुपयोगी. क्विक लिंक (साखळीची टोके जोडणारी, उघडता येणारी बाहेरची कडी) ही एक कडी म्हणून मोजावी : ११० हव्या असतील तर दोन्ही टोकांना आतल्या पट्ट्या ठेवून १०९ कड्या राखायच्या. बाजारात साखळ्या बहुधा ११४ किंवा ११६ कड्यांच्या मिळतात, त्या वर दिलेल्या उदाहरणाला पुरतात.

किनाऱ्यावरच्या गावांतून पाव किंवा मासळी घेऊन फिरणाऱ्या एकेरी गिअरच्या काळ्या सायकलींना हे सारे लागू नाही. तिथे मागचा आस फाट्याच्या खाचेत पुढेमागे सरकतो. १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २० दात्यांचे बसवले तर अर्धा इंच साखळी जास्त लागते, आणि चाक सुमारे ६ मिमी. पुढे घेतले की ती मिळते. साखळी तोडण्याची वेळ येते ती झिजेने चाक खाचेच्या मागच्या टोकाला टेकल्यावर. तेव्हा दोन कड्या काढल्या की चाक अर्धा इंच पुढे येते; पण तोवर साखळी इतकी वाढलेली असते की ती नवी घेणेच स्वस्त पडते.