इंजिन ऑईलच्या डब्यावरचे आकडे: कार कंपन्यांच्या मान्यता कशा बदलत गेल्या

डब्यावर ठळक अक्षरात छापलेलं '५डब्ल्यू-३०' पाहून अनेक जण ऑईल घेतात. पण तो आकडा फक्त ऑईल थंडीत आणि गरम इंजिनात किती पातळ-दाट राहतं एवढंच सांगतो. दाटपणाची ही वर्गवारी अमेरिकेतल्या 'एसएई' या संस्थेने १९११ मध्ये सुरू केली. ऑईलचा दर्जा ही वेगळी बाब. त्यासाठी 'एपीआय' या अमेरिकेतल्या पेट्रोलियम उद्योगाच्या संस्थेने १९४७ मध्ये रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्युटी असे तीन वर्ग केले. 'एसए', 'एसबी' अशा अक्षरांची आजची मालिका नंतर आली. त्यातलं 'एसए' १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना चालत नाही. याच मालिकेतलं 'एसपी' २०२० मध्ये आलं.

युरोपात 'एसीइए' या वाहन उत्पादकांच्या संघटनेची मानकं १९९६ पासून लागू झाली. तरी तिथल्या कार कंपन्यांना तेवढ्यावर भागणार नव्हतं, कारण प्रत्येकीच्या इंजिनाचं दुखणं वेगळं होतं. फोक्सवॅगनच्या पम्प-ड्यूज (पंप आणि इंजेक्टर एकत्र असलेल्या) डिझेल इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे (कॅम) असलेला फिरता दांडाच थेट इंजेक्टर दाबायचा आणि डिझेलचा दाब सुमारे २,००० बारपर्यंत चढायचा. कॅमवर पडणारा तो ताण सोसणाऱ्या ऑईलसाठी ५०५.०१ हा मान्यता क्रमांक आला. मर्सिडीजचे २२९ मालिकेतले आणि बीएमडब्ल्यूचे 'लाँगलाइफ' क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांतून आले. ऑईल बदलण्याचा कालावधी लांबवणं हा त्यांचा मोठा हेतू होता.

मग डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारे पार्टिक्युलेट फिल्टर बसले आणि सगळं चित्र बदललं. इंजिन थोडं ऑईल जाळतंच. त्यातल्या कॅल्शियम, झिंकसारख्या घटकांची राख फिल्टरमध्ये साठते. काजळी तापवून जाळता येते, ही राख जळत नाही. म्हणून २००४ मध्ये 'एसीइए'ने कमी राखेचा 'सी' वर्ग आणला. त्यातल्या 'सी३'मध्ये सल्फेटेड राखेची (ऑईल जाळल्यावर चाचणीत उरणाऱ्या राखेची) कमाल मर्यादा ०.८ टक्के आहे. फोक्सवॅगन ५०४/५०७, मर्सिडीज २२९.५१ आणि बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४ याच वळणाची. पण राख कमी करताना आम्ल शमवण्याची ताकदही सहसा घटते आणि इंधनात गंधक जास्त असेल तर असं ऑईल लवकर थकतं. त्यामुळे नवा क्रमांक म्हणजे सरसकट चांगलं ऑईल, हा समज मला धोक्याचा वाटतो.

पुढचा रेटा इंधन वाचवण्याचा. तापलेल्या, वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ऑईलचा थर किती टिकतो हे 'एचटीएचएस' या मापाने कळतं. जुन्या युरोपीय इंजिनांना ते किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद लागायचं, फोक्सवॅगनच्या ५०८/५०९ मध्ये ते २.६ पर्यंत उतरलं. हे ०डब्ल्यू-२० ऑईल वेगळं ओळखता यावं म्हणून त्याला हिरवट रंग दिला जातो. त्यासाठी न बनलेल्या जुन्या इंजिनात ते घालू नये.

त्याच सुमारास छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगाला, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेऊ लागलं. त्यात पिस्टन फुटण्यापर्यंत नुकसान होऊ शकतं. ऑईलमधलं कॅल्शियम त्याला हातभार लावतं असं आढळल्यावर कॅल्शियमच्या जागी काही प्रमाणात मॅग्नेशियम आलं. 'एसपी'मध्ये याची चाचणी आहे.

तेव्हा ऑईल निवडताना आधी गाडीच्या मॅन्युअलमधला मान्यता क्रमांक पाहावा, त्यात दिलेल्या पर्यायांतून हवामानाला साजेसा दाटपणा ठरवावा. डब्याच्या मागची बारीक अक्षरंही वाचावीत. 'मान्यताप्राप्त' म्हणजे कार कंपनीने ते ऑईल तपासून मंजूर केलं. 'या क्रमांकासाठी योग्य' हा बहुधा ऑईल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. मर्सिडीज मंजूर ऑईलची यादी ऑनलाइन ठेवते, शंका आली तर तिथे नाव शोधता येतं. मॅन्युअलमधला क्रमांक बाजारातून गेला असेल, तर त्याची जागा कोणत्या क्रमांकाने घेतली हे कंपनीच्याच कागदांतून पाहावं, अपवादांसकट. ५०७ ने ५०५.०१ ची जागा घेतली खरी, पण २००६ च्या आधीच्या पाच आणि दहा सिलिंडरच्या पम्प-ड्यूज इंजिनांना ते चालत नाही.