गाणी नव्या कॉम्प्युटरवर येतात, मग प्लेलिस्ट का येत नाही? थोडी पार्श्वभूमी

नवा कॉम्प्युटर घरी आला की पहिल्याच संध्याकाळी आपण गाण्यांचं फोल्डर कॉपीला लावतो, रात्रभर ती पट्टी सरकत राहते, सकाळी बघावं तर सगळं आलेलं असतं आणि तरी काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. गाणी सगळी आहेत, वाजतात पण. पण प्लेलिस्ट उघडली तर रिकामी, पाच स्टार दिलेल्या गाण्यांचे स्टार गायब, कुठलं गाणं किती वेळा ऐकलं त्याचा आकडा शून्य, आणि पंधरा वर्षं जमवलेलं सगळं आजच आणलंय असं प्लेयर सांगतो. माझ्याकडे गेल्या महिन्यात हेच झालं, दोन दिवस मी त्यातच होते, आणि असं का होतं ते शोधत गेले तर गोष्ट पार सीडीच्या जन्मापर्यंत गेली. थोडक्यात सांगायचं तर गाणं एका जागी राहिलं आणि गाण्याबद्दलची माहिती मात्र दर वेळी कुणीतरी वेगळ्याच जागी नेऊन ठेवली.

कॅसेटच्या काळात हा प्रश्न नव्हता. बाबांनी आकाशवाणी सांगलीवरून टू-इन-वनवर नाट्यगीतं भरून घेतली होती, नव्वद मिनिटांची कॅसेट, आणि आतल्या कार्डावर निळ्या पेनाने बारीक अक्षरात गाणं, गायक, राग आणि शेवटी तारीख. कॅसेट कुठेही न्या, कुणाच्याही टेपमध्ये घाला, माहिती डबीत बरोबरच.

सीडीने ही जोडी तोडली. १९८२ साली सोनी आणि फिलिप्सची सीडी बाजारात आली, त्यात आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत ठेवलेला, प्रत्येक आकडा १६ बिटांचा, पण गाण्याचं नाव चकतीवर कुठेच नाही. नावं कागदावर छापलेली होती, मग चकतीवर कशाला, असं तेव्हा वाटलं असणार, कारण सीडी कॉम्प्युटरमध्ये घालून लोक गाणी काढून घेतील हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. १९९६ मध्ये चकतीवरच नावं लिहायची सोय आली पण फार थोड्या सीड्यांवर ती वापरली गेली. म्हणून कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली की दिसायचं ट्रॅक १, ट्रॅक २, ट्रॅक ३.

यावर नव्वदच्या दशकात जो उपाय निघाला तो मला अजूनही फार सुंदर वाटतो. प्रत्येक सीडीवर गाणी कुठे सुरू होतात त्या वेळांवरून एक नंबर काढायचा, सीडीचा अंगठ्याचा ठसाच म्हणा, आणि तो नंबर इंटरनेटवरच्या यादीत शोधायचा. तिचं नाव सीडीडीबी. ही यादी भरली कुणी, तर सामान्य ऐकणाऱ्यांनी, एकाने टाइप केलं की बाकीच्यांना आयतं. पुढे ती यादी एका कंपनीची झाली, ग्रेसनोट नावाने, आणि ज्यांनी फुकट टाइप केलं होतं ते साहजिकच चिडले, त्यातून फ्रीडीबी आणि म्युझिकब्रेन्झ अशा खुल्या याद्या निघाल्या. त्यातली फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झाली, म्युझिकब्रेन्झ अजून चालू आहे. आपल्या मराठी सीड्यांची नावंही अशीच कुणीतरी हौसेने रोमनमध्ये टाइप केलेली, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, त्यामुळे एकच गायिका कलेक्शनमध्ये तीन-चार वेगवेगळ्या नावांनी दिसते. हा घोळ त्या काळापासूनचा आहे.

मग एमपी थ्री, म्हणजे गाण्याची फाइल दाबून लहान करायची पद्धत. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. कानाला जे ऐकूच येत नाही, म्हणजे मोठ्या आवाजाच्या आड लपणारा बारीक आवाज, तो साठवायचाच नाही ही मूळ कल्पना. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं साथीशिवाय गायलेलं एक गाणं ते पुन्हा पुन्हा दाबून बघत होते, कारण नुसत्या गळ्यात चूक लगेच कळते. १४ जुलै १९९५ ला त्यांनी फाइलच्या नावाला एमपी३ हे शेपूट लावायचं ठरवलं. फरक किती ते माझ्याच उदाहरणाने सांगते: बाबांच्या कॅसेटची एक बाजू, ४५ मिनिटं, सीडीच्या दर्जाने रेकॉर्ड केली तर जवळपास ४७५ एमबी होते, तीच १२८ केबीपीएसच्या एमपी थ्रीमध्ये ४३ एमबी. अकरावा हिस्सा.

पण एमपी थ्रीमध्येही नावाला जागा नव्हती! ती नंतर बाहेरून चिकटवली. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटचा एक तुकडा जोडायची युक्ती काढली, तो आयडी थ्री टॅग. गाण्याला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेरा ३०, आणि प्रकारासाठी एक आकडा, संपलं. आता आपलं साधं भावगीत घ्या. आपल्याकडे गाण्याची ओळख तिघांनी होते, गायक, संगीतकार, गीतकार, आकाशवाणीवर अजूनही तिघांची नावं सांगतात, आणि इथे खाना एकच. राग कुठे लिहायचा? प्रकारांची जी ठरलेली ८० नावांची यादी होती तिच्यात पोल्का होता, अभंग नव्हता, भावगीत नव्हतं, नाट्यगीत नव्हतं. म्हणून आपल्या लोकांनी जिथे जागा मिळाली तिथे कोंबलं, कुणी संगीतकार अल्बमच्या खान्यात लिहिला, कुणी राग शेऱ्यात, कुणी सगळं फाइलच्या नावातच. नवा प्लेयर ते खाने त्यांच्या मूळ अर्थाने वाचतो आणि सगळी मांडणी विस्कटते, त्याचं कारण हे.

आणि लिपी. त्या १२८ बाइटमध्ये देवनागरीची सोयच नव्हती, मराठीत टाइप केलं तर प्रश्नचिन्हांची रांग सेव्ह व्हायची आणि ती परत अक्षरं होत नाहीत, ते गेलंच. १९९८ पासून आयडी थ्रीची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात संगीतकार आणि गीतकार यांना वेगळे खाने आहेत, युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरपद्धत, चालतं, फोटोसुद्धा ठेवता येतो. पण तोवर सवय रोमनची लागलेली. ज्यांनी गाण्यांच्या याद्या वर्डमध्ये शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये केल्या त्यांना तर नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट टाकेपर्यंत नुसती अगम्य रोमन अक्षरं दिसतात.

१९९७ मध्ये विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्लेयर आला आणि प्लेलिस्ट ही गोष्ट घरोघरी पोचली. प्लेलिस्ट म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, तिच्यात गाणी नसतातच, फक्त पत्ते असतात, डी ड्राइव्ह, मग साँग्ज, मग मराठी, मग फाइलचं नाव. हे पत्ते आपल्याकडे बरेच टिकले त्यालाही कारण आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर अडला की दुरुस्तीवाला येऊन फॉरमॅट मारायचा, सी ड्राइव्ह साफ, म्हणून सगळ्यांना पाठ होतं की डेस्कटॉपवर काही ठेवायचं नाही, गाणी डी किंवा ई ड्राइव्हमध्ये. फॉरमॅटनंतर डी तिथेच असायचा, पत्ता तोच, प्लेलिस्ट चालायची. खरा नवा कॉम्प्युटर आला की मात्र डी ची जागा सीडी ड्राइव्हने घेतलेली असायची आणि सगळे पत्ते एका झटक्यात चुकीचे. आणि गाणी न्यायची तरी कशी, जुन्या यूएसबीचा वेग कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला एखादा एमबी, म्हणजे ४ जीबीला तासाच्या वर, नाहीतर ७०० एमबीच्या सहा सीड्या जाळत बसायचं.

ॲपलच्या आयट्यून्स या प्लेयरने यावर वेगळा विचार केला. ९ जानेवारी २००१ ला मॅकवर, ऑक्टोबर २००३ मध्ये विंडोजवर. त्यांनी म्हटलं फोल्डर-बिल्डर तुम्ही बघूच नका, आम्ही सगळ्याची एक लायब्ररी ठेवतो. गाणं कधी आणलं, किती वेळा ऐकलं, किती स्टार, कुठल्या प्लेलिस्टमध्ये आहे, हे सगळं त्या एका लायब्ररी फाइलमध्ये. वापरायला फार छान, मी वर्षानुवर्षं वापरलं. पण आयडी थ्रीच्या दुसऱ्या आवृत्तीत रेटिंग आणि ऐकल्याचा आकडा ठेवायला जागा असूनही आयट्यून्सने ते गाण्याच्या फाइलमध्ये लिहिलं नाही. म्हणून नुसत्या गाण्यांचं फोल्डर नेलं की पंधरा वर्षांचं ऐकणं मागे राहतं. न्यायचं तर अख्खं आयट्यून्स फोल्डर न्यायला हवं, आधी कन्सॉलिडेट करून, म्हणजे इकडेतिकडे विखुरलेली गाणी त्याच फोल्डरमध्ये गोळा होतात, आणि नव्या मशीनवर विंडोज असेल तर शिफ्ट, मॅक असेल तर ऑप्शन दाबून ठेवत आयट्यून्स (मॅकवर २०१९ पासून त्याच्या जागी म्युझिक ॲप) उघडायचं, मग ते विचारतं लायब्ररी कुठली. इतकी महत्त्वाची गोष्ट एका बटणाच्या आड असावी याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्यांना हे माहीत नव्हतं अशा कितीतरी लोकांनी पुन्हा पहिल्यापासून याद्या केल्या असतील.

आयपॉडचं तर आणखी. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलचा खिशात मावणारा प्लेयर, ५ जीबीचा आयपॉड आला, लोकांना वाटलं हीच बॅकअप डिस्क. पण सिंक, म्हणजे गाण्यांची ने-आण, एकाच दिशेने, कॉम्प्युटरकडून आयपॉडकडे, उलट नाही, रेकॉर्ड कंपन्यांना चोरीची भीती होती म्हणून. गाणी आत एका लपवलेल्या फोल्डरमध्ये, एफ ००, एफ ०१ असे उपविभाग आणि प्रत्येक फाइलला चार अक्षरांचं निरर्थक नाव. कॉम्प्युटर गेला आणि फक्त आयपॉड उरला अशांना आधार मिळाला तो टॅगचा: नाव निरर्थक असलं तरी फाइलच्या आत टॅग शाबूत होता, त्यावरून नावं परत लावता आली.

नवा कॉम्प्युटर घेणं सगळ्यात महाग पडलं ते कुलूपवाल्या गाण्यांच्या काळात. एप्रिल २००३ पासून ॲपलच्या दुकानातली विकत घेतलेली गाणी ठराविक कॉम्प्युटरवरच वाजायची, पुढे ती मर्यादा पाचावर आली, आणि जुनं मशीन परवानगी काढून न घेता फॉरमॅट केलं तर त्या पाचातली एक जागा अडकायची. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानाचं आणखी गंभीर: २००६ मध्ये त्यांनी विक्री थांबवली आणि एप्रिल २००८ मध्ये गिऱ्हाइकांना कळवलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या कॉम्प्युटरवर गाण्याचं कुलूप उघडायची किल्ली मिळणार नाही. म्हणजे पैसे देऊन घेतलेलं गाणं आहे त्या मशीनवर वाजेल, पण मशीन बदललं की मुकं. खूप ओरड झाली, मग मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली. याहूनेही त्याच वर्षी आपलं दुकान आणि किल्ल्यांचा सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं आणि लोक चिडल्यावर भरपाई देऊ केली. २००९ मध्ये ॲपलने गाण्यांवरची कुलपं काढली. भारतात आयट्यून्सचं दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडलं, त्यामुळे इथल्या लोकांना हे फारसं सोसावं लागलं नाही, अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना लागलं.

आता एक अगदी मराठी अडचण, जी मला कुठेही लिहिलेली सापडली नाही. वाऱ्यावर, ताऱ्यांत, दऱ्याखोऱ्यात, यातला तो आडवा अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हेने लिहिता येतो: नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साधा र, मग पाय मोडायची खूण आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. त्यात मॅकची जुनी डिस्क पद्धत, एचएफएस प्लस, फाइलचं नाव ठेवताना ऱ फोडून र आणि नुक्ता असा सुटा ठेवायची. म्हणजे मॅकवरून विंडोजवर गाणी आणली की फाइलचं नाव एका तऱ्हेचं, प्लेलिस्टमधला पत्ता दुसऱ्या तऱ्हेचा, आणि प्लेयर म्हणतो फाइल सापडत नाही, आणि आपण दोन्ही नावं शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघतो तर काहीच फरक नाही. माझी अकरा गाणी अशी हरवली होती. शेवटी प्लेलिस्ट नोटपॅडमध्ये उघडून फाइलचं नाव जसंच्या तसं कॉपी करून तिथे पेस्ट केलं, तेव्हा वाजली.

स्ट्रीमिंगवाल्यांना यातलं काहीच करावं लागत नाही, लॉगिन केलं की सगळं हजर, पण बाबांनी रेडिओवरून भरलेली नाट्यगीतं तिथे नाहीत, निवेदिकेच्या आवाजासकट तर नाहीतच.

त्या कॅसेटचं मी यावेळी एक केलं. आतल्या कार्डाचा फोटो काढला, दोन्ही बाजूंचा, आणि अल्बमच्या चित्राची जी जागा टॅगमध्ये असते तिथे तो बसवला, गीतकार, संगीतकार त्यांच्या त्यांच्या खान्यात, राग शेऱ्यात. मग ती एकच फाइल पेनड्राइव्हवर घालून भावाच्या लॅपटॉपवर उघडून बघितली. त्याच्याकडे प्लेयर वेगळा, लायब्ररी वेगळी. गाणं सुरू झालं आणि स्क्रीनवर बाबांचं निळं अक्षर आलं, कोपऱ्यातल्या तारखेसकट.